कानाकडे गेलेली रेघ

गुणवंताच्या डाव्या गालावर दुधाची एक वाळलेली रेघ होती. ओठांच्या कोपऱ्यातून निघून ती गालावरून आडवी कानाच्या पाळीमागे गेली होती. तिथे केसांच्या मुळाशी दूध साठून त्याची पापडी धरली होती. शेतातून आल्यावर गोपिका रोज ओल्या फडक्याने ती पुसून काढायची. रेघ कुठून निघते आणि कुठे जाते, याचा विचार तिने कधी केला नव्हता. दूध सांडतं, तसं ते सांडलं होतं.

गुणवंता अडीच वर्षांचा होता आणि त्याची मान अजून धरत नव्हती. उचलून घेतला की डोकं मागे जायचं, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. आवाज बारीक होता. भूक लागली तरी तो मोठ्याने रडत नसे, नुसता कण्हायचा. ते कण्हणं ऐकून त्याची आजी मनकर्णा हातातलं काम टाकून उठायची.

लेकरू पाजण्यात मनकर्णाचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. कुणाचं मूल अंगावर पीत नसलं, कुणाची बाळंतीण आजारी पडली, की हिला बोलावणं यायचं. ती आपलं चोचीचं पितळी बोंडलं पदराखाली घेऊन जायची. भिंतीला टेकून पाय लांब करायची, दोन पोटऱ्यांमधल्या खाचेत मूल उताणं निजवायची, नाक चिमटीत धरायची आणि बोंडल्याची चोच ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवायची. श्वासासाठी मूल तोंड उघडायचं, तेव्हा दूध आत जायचं. सैल सोडलेल्या पायांवर मूल हळूहळू हलत राहायचं.

"नाक धरलं का गिळते," ती म्हणायची. "आपला नत्थूही तसाच वाढला. पाहा, बैलासारखा झाला का नाई?"

नत्थू, तिचा मुलगा, गोपिकाचा नवरा, खरोखरच बैलासारखा होता. रुंद, गप्प, दिवसभर जुंपलेला.

पण गुणवंता वाढला नाही. पोळ्यापासून त्याला सारखा ताप यायला लागला. छातीत घरघर वाजायची, दूध पिताना तो निळसर पडायचा. दसरा झाल्यावर एका दुपारी त्याच्या बरगड्यांखालचं कातडं श्वासासरशी आत ओढलं जायला लागलं. पारशिवनीच्या डॉक्टरांनी एक सुई टोचली आणि म्हणाले, "इथं ठेवू नका. नागपूरला न्या."

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या नाकातून पोटापर्यंत रबराची नळी घातली. तिच्यातून पिचकारीने दूध जायचं. ताप उतरला, घरघर कमी झाली. गोपिका खाटेखाली सतरंजी टाकून राहिली होती. छाती पुन्हा पुन्हा का भरते, असं तिने फेरीवरच्या डॉक्टरांना विचारलं. ते चालता चालता म्हणाले, "दूध पोटात जायचं ते छातीत जातं, बाई. व्यायामाच्या खोलीत नीलाताई आहेत, त्यांना भेटा."

नीलाताई डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. वाकडे हातपाय असलेल्या मुलांना बसायला, धरायला, जेवायला शिकवणं हे त्यांचं काम. खोलीत चटया होत्या, लाकडी खुर्च्या होत्या आणि डब्यात निरनिराळ्या आकाराचे चमचे. त्यांनी पहिल्या भेटीत काही सांगितलं नाही.

"घरी कोण पाजतं?"

"सासू."

"मग त्यांना बोलवा. मला आधी पाहायचंय."

मनकर्णा नत्थूबरोबर एसटीने आली. सोबत बोंडलं आणलं होतं, चिंचेने घासून चकचकीत केलेलं. नळी काढल्यावर तिने चटईवर पाय लांब केले. आजूबाजूच्या चार मुलांच्या आया बघायला लागल्या, तसा तिच्या अंगात हुरूप आला. नातवाला पायांवर घेतलं, नाक धरलं आणि ओतलं. एक थेंब चटईवर सांडला नाही.

"पाहा," ती म्हणाली. "आहे का कोनाची माय असं पाजनारी?"

नीलाताई गुडघ्यावर बसल्या होत्या. त्यांनी छाती तपासायची नळी गुणवंताच्या गळ्याला लावली होती. त्यांनी ती गोपिकाच्या कानात घातली. "ऐका."

गोपिकाने ऐकलं. आत काहीतरी खळखळत होतं. हुक्का ओढताना पाण्यातून हवा येते, तसा आवाज होता.

"हा श्वास आहे. श्वासाच्या वाटेत दूध आहे. नाक दाबलं की त्याला श्वास घेण्यासाठी तोंड उघडावंच लागतं. श्वास आणि दूध एकाच वेळी आत जातात. उताणं निजवल्यावर तर दुधाला आपोआप उतार मिळतो. धडधाकट मूल खोकून बाहेर काढतं. याचा खोकला तेवढा जोराचा नाही." मग त्या मनकर्णाकडे वळल्या. "आजी, तुम्हीही ऐका."

"मले नाई लागत नळी," मनकर्णा म्हणाली. "माहे कान चांगले हायेत."

बोंडलं तिने पदरात गुंडाळलं. आता आजूबाजूच्या आया दुसरीकडे बघत होत्या.

त्यानंतर शिकवणं सुरू झालं. गुणवंताला सरळ बसवायचं, कंबर आणि गुडघे वाकलेले ठेवायचे, हनुवटी किंचित खाली. एका हाताने डोक्याला आधार, त्याच हाताचा अंगठा हनुवटीच्या पुढे आणि मधलं बोट जबड्याखाली. चमचा लहान, तोही अर्धाच भरलेला. तो जिभेवर हलका दाबून सरळ बाहेर काढायचा. मग थांबायचं.

"इथे बघा." नीलाताईंनी गुणवंताच्या गळ्यावर बोट ठेवलं. "गिळताना कंठ वर जातो, मग खाली येतो. तो वर गेलेला दिसला की मगच पुढचा घास. दिसला नाही तर थांबायचं. कितीही वेळ लागो. दूध पातळ असतं, पळतं. त्याच्या जिभेला ते सावरत नाही. जरा दाट काहीतरी हवं. घरी काय करता?"

मनकर्णा खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "घाटा करतो. ज्वारीच्या पिठाचा."

"उलथ्या चमच्यावरून हळूच पडेल इतका दाट करता येईल?"

"माह्या हातचा घाटा कसाही होते."

"मग तोच द्या," नीलाताई म्हणाल्या.

गोपिकाने जबडा धरला, तेव्हा तिचं बोट खरखरीत लागून गुणवंताने तोंड फिरवलं. कापसाच्या वाळलेल्या बोंडांची टोकं तिच्या नखांच्या कडांत घुसून कातडं सोललेलं होतं. नीलाताईंनी तिचे हात बघितले. खोबरेल तेलाची बाटली पुढे केली आणि नखं कापून यायला सांगितलं. शेजारची एक बाई हसली. गोपिका नळावर गेली, दगडावर नखं घासली, बराच वेळ हात धुतले. परत आल्यावर पुन्हा जबडा धरला. चमचा, दाब, थांबणं. कंठ हलला नाही. ती थांबली. मग तो एकदम वर गेला आणि खाली आला. तिने स्वतःही तेव्हाच थुंकी गिळली.

जाताना नीलाताईंनी तिला एकटीला बाजूला घेतलं. "खरं सांगते. पुन्हा छाती भरली तर तो यातून उठेलच असं नाही. एक जेवण चुकलं तर चालेल. चुकीचा घास चालणार नाही."

घरी आल्यावर नत्थूने काही न विचारता एक पोतं घेतलं. ते अर्ध्याच्या वर सरकीने भरून तोंड शिवलं, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि मध्ये बुक्की मारून खळगा केला. गुणवंता त्यात बसला. सरकी त्याच्या पाठीमागे दाबली गेली, बाजूंनी वर आली, मांड्यांखाली खळगा पडला. मान मागे गेली नाही.

"बस," नत्थू म्हणाला. दवाखान्याबद्दल तो एवढंच बोलला.

दिवाळी गेली. गुणवंताच्या गालावरची रेघ आता खाली जायची, ओठांपासून हनुवटीवर, तिथून गळ्यावर. आता गोपिका ती बघायला लागली होती. सरळ बसलेल्या मुलाच्या तोंडातून सांडलेलं खालीच जाणार, हे तिच्या लक्षात आलं होतं. बरगड्यांमधल्या खाचा थोड्या भरल्या. घाटा दाट करताना मनकर्णा तोंडाने बोल लावायची, पण गुठळी होऊ द्यायची नाही.

"एका वाटीले अर्धा दिवस. पेरून, उगवून, कापून चारते बापा हे बाई."

मग कापूस फुटला, सगळा एकदम. पेंचच्या कॅनालवर खोदकाम सुरू होतं, गावातले मजूर तिकडे गेले होते. वेचायला माणूस मिळेना. त्यातच मार्गशीर्षात आभाळ आलं. सकाळी पूर्वेला काळपट पट्टा दिसायचा, दुपारी विरायचा, संध्याकाळी पुन्हा यायचा. पाऊस पडला तर बोंडातला कापूस पिवळा पडून त्याची कवडी, बिनभावाचा माल, होणार होती. वर्षाचं सगळं त्या शेतात पांढरं होऊन उभं होतं.

"गोपिके, तुले यावं लागते," नत्थू म्हणाला.

सकाळचं आणि संध्याकाळचं गोपिका भरवायची. दुपारचं मनकर्णाकडे आलं. गोपिकाने तिला शेजारी बसवून दाखवलं. मनकर्णाने जबडा बरोबर धरला. बोटं सराईत होती.

"माय, कंठ पाहा बरं. वर गेला का मगच दुसरा." नवऱ्यासारखीच गोपिकाही सासूला माय म्हणायची.

"पाहतो ना वं. तुह्या जन्माच्या आधीपासून पाजून राहिलो मी."

शेतात गोपिकाच्या शेजारच्या तासाला, कपाशीच्या ओळीला, सत्यवती असायची, घराशेजारचीच. तिचे हात आणि तोंड सारख्याच वेगाने चालायचे.

"काय वं, दवाखान्यात गिळाले शिकवते म्हने? आमच्या बुढ्याले नेऊन कमी गिळाले शिकवून आन म्हना. भाजीची सारी गंजी खाली करते."

बायका हसल्या. गोपिकाही हसली. कमरेची ओटी कापसाने फुगली होती, चालताना पोटाशी आदळत होती. ती आभाळाकडे बघायची, सूर्य कुठे आहे ते शोधायची. आता माय घाटा घेऊन बसली असेल. आता पहिला घास. बोंडातून कापूस ओढताना तिचा हात मध्येच थांबायचा. तास मागे राहायचं, आणि नत्थू दुरून हाक मारायचा.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिने गुणवंताला उचललं. त्याच्या डाव्या गालावर एक वाळलेली रेघ होती. ती आडवी कानाकडे गेली होती.

गोपिकाने पाळीमागे बोट फिरवलं. बोटाला पापडी लागली. तिने वास घेतला. घाट्याचा नव्हता, दुधाचा होता.

मनकर्णा चुलीशी होती. "पोट भरून जेवला आज," पाठमोरी राहूनच म्हणाली. बोंडलं फळीवर पालथं होतं, तळाशी ओलं.

गोपिकाने फडकं ओलं केलं आणि रेघ पुसली.

नत्थू बैल बांधत होता. तिने त्याला गोठ्यात गाठलं. "मायनं त्याले पायावर पाजलं."

"तू पाहिलं?"

"त्याच्या गालावर दिसते."

"गालावर दिसते!" त्याने दोर ओढला. "माय हाय ते. जीव हाय तिचा त्याच्यावर. उपाशी पाहवलं नसन."

"त्या बाई म्हनल्या होत्या..."

"मले माहीत हाय काय म्हनल्या. कापूस घरात येऊ दे. मंग बोलतो मी मायशी."

कापूस काही घरात येत नव्हता. आणि गोपिकाला बोलता येत नव्हतं. सासूला काय म्हणणार? की तुम्ही माझ्या लेकराला मारून राहिल्या? जिने तिच्या बाळंतपणात तिला न्हाऊमाखू घातलं, तिला? रोज सकाळी भरवून निघताना ती तोंड उघडायची आणि एवढंच म्हणायची, "माय, घाटाच द्या."

"घाटाच देतो."

कधी रेघ खाली असायची, कधी आडवी. रेघ खाली दिसली की गोपिकाला वाटायचं, आता बोलायची गरज नाही. आडवी दिसली की वाटायचं, उद्या बोलू. सरकीच्या पोत्यावर वाळलेल्या घाट्याचे डाग वाढत होते. पुढेही, बाजूलाही, एक तर भिंतीवर. मायचा चमचा तोंड चुकवतो, हे तिला विचित्र वाटलं. बोंडल्याचा थेंब न सांडणारी बाई.

मग गुणवंता खोकायला लागला. अंग कोमट झालं. गोपिकाने पाठीला कान लावला. डाव्या बाजूला, खाली, बारीक खळखळ होती. अजून लांब होती, पण तीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ शेतावर टेकलं होतं. वारा पडला होता. नत्थू बैलगाडीच्या खाचरात पोती टाकत होता. गोपिकाने कमरेला ओटी बांधली, घाटा केला, वाटी घेतली आणि सासूसमोर ठेवली.

"माय, आज माह्यासमोर चारा."

"काहून? परीक्षा घेतं का माही?"

"चारा ना."

मनकर्णाने पोत्याशी बैठक मारली. जबडा धरला. चमचा तोंडाशी नेला, तो आधी गालाला लागला, मग ओठ सापडले. घास आत गेला. ती गुणवंताच्या गळ्याकडे बघत थांबली. कंठ जागचा हलला नव्हता. तिने चमचा पुन्हा भरून पुढे आणला.

"माय, थांबा. गेला नाई."

"गेला ना."

"नाई गेला."

चमचा हवेत राहिला. मग गुणवंताने गिळलं. गोपिकाने ते पाहिलं आणि मनकर्णाने पाहिलं नाही. तिची नजर तिथेच होती, तरी चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"तुमाले दिसत नाई," गोपिका म्हणाली.

मनकर्णाने चमचा वाटीत ठेवला. तो वाटीच्या काठावर वाजला. "पांढरं दिसते. काळं दिसते. त्याच्या मधलं सारं धुकट. उन्हाळ्यापासून."

"काहून नाई सांगतलं?"

"सांगून काय करू? आंधळीजवळ लेकरू ठेवतं का कोनी?" तिने डोळे पदराने पुसले, जसं काही तेवढ्याने साफ होणार होतं. "बोंडल्यात दिसाचं काम नाई वं. हाताले वजन लागते, किती गेलं ते समजते. तुह्या चमच्यात काईच समजत नाई मले. अर्धं सांडते. मंग ते कन्हते. उपाशी लेकरू कन्हून राहिलं अन् मी बसून ऐकू?"

गोपिकाला वाटलं होतं, सासू हट्टाने करते. हट्टाशी भांडता आलं असतं.

अंगणातून सत्यवतीची हाक आली. "गोपिके, येतं का वं? आभाळ पाय धुवाले आलं!"

"मी बोटानं पाहीन," मनकर्णा एकदम म्हणाली. ती पुढे सरकली, गुणवंताच्या गळ्यावर तिने तर्जनी ठेवली. "डोळे नाई तर नाई. बोट हाय. तू चार, मी सांगतो."

गोपिकाने अर्धा चमचा जिभेवर ठेवला, दाबला, बाहेर काढला. तिघंही थांबली. कंठ वर गेला, खाली आला.

"गेला!" मनकर्णा म्हणाली.

"हौ. गेला."

म्हातारीचा चेहरा उजळला. नत्थू दारात येऊन उभा होता. त्यानेही पाहिलं. "झालं तर मंग," तो म्हणाला.

गोपिकाला वाटलं, झालं. तिने दुसरा घास दिला. गुणवंताने जीभ बाहेर ढकलली, मान थोडी वळवली.

"गेला," मनकर्णा म्हणाली.

घास जिभेवर तसाच होता. गोपिका सासूच्या बोटाकडे बघत राहिली. चुलीच्या राखेने आणि विळ्याच्या धारेने त्या बोटाचं टोक कवचासारखं झालं होतं. गुणवंताने घास गिळला, तेव्हा ते बोट गप्प होतं.

तिसरा घास. गुणवंताला खोकला आला, गळा थरथरला.

"गेला," मनकर्णा म्हणाली. या वेळी आवाज बारीक होता, विचारल्यासारखा.

गोपिकाने मुलाला पुढे झुकवलं, घास बाहेर येऊ दिला आणि पदराने त्याची हनुवटी पुसली. मनकर्णाने बोट काढून मुठीत घेतलं.

"पहिल्यापहिल्यांदा चुकते," नत्थू म्हणाला. "होईन सवय. चाल, गाडी जुंपली हाय. दोन दिवसाचं काम हाय, मंग पाहू." तो दाराबाहेर वाकून वर बघत होता. "पडन आता."

सत्यवती उंबऱ्याशी आली, आत बघून तिथेच थबकली. मागे आणखी दोघीजणी होत्या. त्यांच्यासमोर नको, असं गोपिकाच्या मनात आलं. त्या गेल्या की बोलू. हेच ती इतके दिवस स्वतःला सांगत आली होती. उद्या. कापूस आला की. कुणी नसलं की. तिने गुणवंताच्या पाठीवर तळवा ठेवला. श्वासाबरोबर तळव्याखाली काहीतरी बारीक खळखळत होतं.

तिने कमरेची गाठ सोडली. ओटीचं फडकं काढलं, त्याची घडी केली आणि सासूच्या मांडीवर ठेवलं. फळीवरचं बोंडलं उतरवून आपल्या पायाशी घेतलं.

"माय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण उंबऱ्यापर्यंत गेला. "आजपासून गुणवंताले माह्याशिवाय कोनी चारनार नाई. पांढरं दिसते तुमाले. सत्यवतीच्या बाजूनं तास धरा. भिजन तेवढा कापूस भिजू द्या. मी घरी राहतो."